होडी खांद्यावर आली की

स्टीव्हन्सन म्हटलं की आपल्याला खजिन्याचं बेट आठवतं. त्याचं पहिलं पुस्तक मात्र नदीवरचं आहे. १८७६ साली तो आणि त्याचा मित्र सिम्प्सन एकेक कॅनो घेऊन अँटवर्पहून निघाले आणि कालवे, सांब्र, वाझ असं करत फ्रान्समध्ये शिरले. त्यावरचं ‘ॲन इनलँड व्हॉयेज’ १८७८मध्ये आलं. मी ते धुळ्यात, मोबाइलवर वाचलं. देवपुरातून रोज पांझरेचा पूल ओलांडणारा माणूस वाचेल तसं, म्हणजे जरा हेव्यानंच.

पाण्यावर असताना स्टीव्हन्सन गोड लिहितो. पण तो खरा कळतो होडीतून उतरल्यावर. ब्रसेल्स ते शार्लरुआ ५५ लॉकगेटं लागणार म्हटल्यावर दोघं होड्यांसकट आगगाडीत बसतात. पुढे एका गावात होड्या मागे ठेवून, पिशव्या खांद्याला लावून पोचतात, तर लोक त्यांना फेरीवाले समजतात. थोड्या वेळानं खरा फेरीवाला गाढवाची गाडी घेऊन येतो आणि त्याची सरबराई यांच्याहून बरी होते! पुस्तकातलं हे सगळ्यात जिवंत प्रकरण. होडी गेली की साहेबपण गेलं, हे त्याला दिसतं. पण तो हसतो आणि सकाळी पुन्हा पाण्यात उतरतो. त्याच्यासाठी ती एका रात्रीची गंमत.

माझं भांडण इथंच आहे. त्याच्या लेखी अडथळा म्हणजे मधला खोळंबा. पांझरेत अडथळे गाळले तर नदीच गाळली जाते. साक्रीकडून खाली या, बंधाऱ्यामागून बंधारा लागतो. प्रत्येक बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखाली तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले, तेव्हाच्या त्यांच्या पहिल्या कामांतलं एक दातर्तीचं: पांझरेच्या प्रवाहाखालून नळानं पाणी पलीकडे नेण्याचं. इथं होडी उचलून ज्या वाटेनं चालायचं, त्याच वाटेवर नदीची गोष्ट आहे.

गेल्या श्रावणात आम्ही तिघं ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन उतरलो होतो. पहिल्याच बंधाऱ्याला ती डोक्यावर घ्यावी लागली. बाजरीच्या बांधावरून जाताना एका बाबांनी विचारलं, “पंक्चर काढानं शे का?” आम्ही हसलो. मग त्यांनी बसवून पाणी पाजलं आणि पाटाला पाणी कधी सुटतं, कधी सुटतच नाही, हे अर्धा तास सांगितलं. त्या दिवशी पाण्यात आम्ही दहा मिनिटंसुद्धा नव्हतो.

शहरात तर उतरलोच नाही. गटारं जिथं नदीला मिळतात, तिथं ट्यूब टाकायची हिंमत झाली नाही. आम्हीही तेवढा भाग मोटारसायकलवरून टाळला. म्हणजे स्टीव्हन्सननं आगगाडी पकडली तेच केलं.

म्हणून पुस्तक वाचाच, फुकट मिळतं. पण साक्री ते मुडावद, पांझरा तापीला मिळते तिथवरचं आपलं पुस्तक कुणी लिहिलं, तर त्यात धुळ्याचं प्रकरण गाळलेलं नसावं.