आखाडा सपाट करू नका

स्पर्धात्मक शूटर गेममध्ये कोण कुठून दिसेल, कोण किती सेकंदांत कुठे पोचेल आणि कुठे रेंगाळणे महागात पडेल, हे मॅप, म्हणजे लढतीचे मैदान, ठरवतो. गेल्या तीस वर्षांत मॅपची रचना ही स्वतंत्र कला म्हणून उभी राहिली. आज मात्र असमतोलाच्या भीतीने ती आक्रसते आहे.

या कलेचे मर्म 1999च्या ‘क्वेक थ्री अरीना’मध्ये स्पष्ट दिसते. तिथला ‘द लाँगेस्ट यार्ड’ म्हणजे पोकळीत तरंगणारे चौथरे. उंचावर रेलगन ही लांब पल्ल्याची बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या खेळाडूला सगळे दिसतात, पण तोही सगळ्यांना दिसतो. उचललेले चिलखत 25 सेकंदांनी पुन्हा येते, मेगाहेल्थ ही आरोग्य वाढवणारी वस्तू 35 सेकंदांनी. मुरलेले खेळाडू हे सेकंद मनात मोजत असतात. त्यामुळे वेळेवर तिथे पोचणाऱ्याचा ठावठिकाणा प्रतिस्पर्ध्यालाही कळतो. म्हणजे इथे फायदा मिळतो, पण किंमत मोजूनच.

डेव्हिड जॉन्स्टन या हौशी रचनाकाराने 2001 मध्ये केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’चा ‘डस्ट टू’ हेच तत्त्व दोन संघांच्या लढतीत आणतो. मधल्या दरवाज्यांच्या फटीतून हल्लेखोरांचा स्नायपर ‘बी’ बॉम्बसाइटकडे, म्हणजे बॉम्ब लावण्याच्या एका जागेकडे, धावणाऱ्या बचावपटूला फेरीच्या आरंभीच टिपू शकत असे. मग पळावे, थांबावे की धूर सोडावा? एवढ्याशा फटीने दोन्ही संघांना पहिल्या क्षणापासून निर्णय घ्यायला लावले.

‘काउंटर-स्ट्राइक’चाच ‘न्यूक’ त्याहून धाडसी. त्यात दोन बॉम्बसाइट एकमेकींच्या वर-खाली आहेत आणि तो दीर्घकाळ बचाव करणाऱ्यांकडे फार झुकलेला होता. 2016च्या नव्या आवृत्तीत व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीने हल्लेखोरांना अधिक वाव दिला, पण वर-खाली साइटची मूळ कल्पना मोडली नाही. दुरुस्ती अशी हवी.

याउलट, ‘कॉल ऑफ ड्यूटी’मधून रुळलेला तीन समांतर वाटांचा साचा आज अनेक गेम जसाच्या तसा उचलतात. तो नवख्याला लवकर कळतो, हे खरे. पण एक मॅप शिकला की पुढचे दहा शिकल्यासारखे वाटतात, आणि तिथे शोधण्यासारखे काही उरत नाही. ‘व्हॅलोरंट’ने 2020 मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यातल्या ‘हेवन’मध्ये तीन साइट आहेत, तर ‘बाइंड’मध्ये मधली वाटच नाही. तिथले टेलिपोर्टर झटकन दुसरीकडे नेतात, पण त्यांचा मोठा आवाज वापरणाऱ्याची चाहूल देतो. इथेही फायद्याला किंमत आहेच.

समतोलाचा आग्रह धरणारे एक गोष्ट विसरतात. ‘काउंटर-स्ट्राइक टू’मध्ये 12 फेऱ्यांनंतर संघ बाजू बदलतात. झुकलेल्या मॅपचा लाभ आणि जाच दोघांच्याही वाट्याला येतो. न्यायाचा मोठा भार नियम उचलत असताना मॅपने स्वतःचा स्वभाव का घासून टाकावा? एका बाजूला काही उपायच उरला नाही, तर मॅप जरूर दुरुस्त करावा. पण केवळ आकडे समान नाहीत म्हणून कोपरे बुजवणे हे रचनाकाराचे काम नाही.

आणि मॅप रचण्याची साधने खेळाडूंच्या हाती हवीत. ‘डस्ट टू’ हौशी हातांतून आला. खेळाडूंनीच रचलेला ‘अनुबिस’ 2022 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’च्या स्पर्धेच्या अधिकृत यादीत पोचला. स्टुडिओबाहेरच्या माणसाला साचा सांभाळायचा नसतो, म्हणून तो अवघड कल्पना करून पाहतो. ज्या गेममध्ये ही दारे बंद आहेत, तिथे मॅप निर्दोष होत जातील, पण पुढचा ‘न्यूक’ तिथे जन्मणे कठीण.