‘बीजमाता’ : एका शब्दाची परीक्षा

तुळजापूरच्या मुलखात घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरतात. नवव्या माळेपर्यंत त्याचे तुरे वर आले, म्हणजे घरातले रब्बीचे बी जिवंत आहे, अशी जाणत्यांची खूण. शब्दांचीही अशी परीक्षा अधूनमधून घ्यावी, असे मला वाटते. यंदा मी घेतलेला शब्द आहे ‘बीजमाता’.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे तो रूढ झाला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाण राखले, इतरांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा मान निर्विवाद आहे. माझी तक्रार आहे ती शब्दाविषयी.

आपण ज्याला ‘माता’ म्हणतो, त्याला हात जोडून मोकळे होतो; नद्यांची अवस्था याला साक्ष आहे. गाडग्यात राख घालून बी जपायचे ते बाईने. रानात काय पेरायचे ते मात्र सोयाबीनचा भाव पाहून घरातल्या पुरुषाने ठरवायचे. न पेरलेले बी दरसाल म्हातारे होते. शेवटी बी राहत नाही, नुसते दाणे उरतात. ‘माता’ म्हटले की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

याउलट माकणीच्या मुलखाकडे पाहा. तेरणेकाठचा हा टापू १९९३ च्या भूकंपाने हादरला. त्यानंतरच्या पुनर्वसनात बायकांना हाताशी धरून ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ ही संस्था मराठवाड्यात वाढली. तिने पुढे ‘एक एकर’ची वाट दाखवली : घरच्या जमिनीतला लहानसा तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि त्यात धान्य, कडधान्य, भाजी काय लावायची ते तिनेच ठरवायचे. २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. ‘एक एकर’ हे शब्द तलाठ्याच्या दप्तरातले, कोरडे. पण त्यांत बियाला माती आहे आणि बाईला अधिकार.

२००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदाही असाच रुक्ष. तरी तो पारंपरिक वाण जतन करणाऱ्यालाही ‘शेतकरी’च म्हणतो, आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा हक्क देतो.

वाचकहो, दोन्ही शब्द मी घटात पेरून पाहिले. ‘बीजमाता’ दिसायला टपोरा. उगवला तो ‘शेतकरी’. भाऊबीजेला बहिणीने तोच ओवाळणीत मागितला, तर भावाने दचकू नये.