द्राक्षमद्याची रसचर्चा

उत्तम तांबड्या द्राक्षमद्याची चव कशी पाहावी, ते किती काळ मुरू द्यावे आणि कसे वाढावे, यांविषयीचे लेखन आता मराठीतही अधूनमधून वाचावयास मिळते. नाशिकच्या आसमंतात शिराझ, काबर्ने या जातींच्या द्राक्षांपासून असे मद्य तयार होऊ लागल्यावर हे स्वाभाविकच होते. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यास ते वर्ज्य वाटते त्याने ते वर्ज्यच मानावे. आमचा आक्षेप आहे तो या लेखनाच्या भाषेवर. ज्या परंपरेत भरतमुनींनी नाट्यरसाचे स्वरूप सांगताना नाना व्यंजनांनी युक्त अन्नाचा दृष्टान्त घेतला, तिच्या वारसांनी चवीचे वर्णन उसन्या शब्दांत करावे, हे आश्चर्य नव्हे काय?

वर्णनाचा मासला पाहावा: अमुक मद्यास ब्लॅककरंटचा स्वाद, तमुक मद्यास व्हायोलेट फुलांचा गंध. मराठी वाचक जसे पुण्यामुंबईस आहेत, तसे जालना जिल्ह्यातील आष्टीसही आहेत. तेथील वाचकाला या शब्दांनी बोध काहीच होत नाही. उगाच दबून जाण्याची पाळी मात्र येते. उलट जांभूळ त्याच्या चांगल्या परिचयाचे. त्याचा गडद रंग, आंबटगोड गर आणि मागाहून तोंड आवळून धरणारा तुरटपणा, ही तिन्ही त्याला ठाऊक आहेत. द्राक्षाच्या सालीत व बियांत असणाऱ्या टॅनिनचा लाळेतील प्रथिनांशी संयोग होऊन तोंड कोरडे पडते. तांबड्या मद्यातील तुरटपणा तो हाच. पाश्चात्य शास्त्रज्ञ त्यास चव न म्हणता स्पर्शसंवेदना म्हणतात. आपल्याकडे मात्र कषाय हा षड्रसांपैकी एक आहे.

तीच गोष्ट मुरण्याची. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, तसे मद्यही मुरते. काळाने टॅनिनचे कण एकमेकांस जुळतात, तुरटपणा मवाळ होतो, जांभळी छटा जाऊन विटकरी येते व तळाशी साका बसतो. चरकसंहितेनेही नवे मद्य जड आणि जुने हलके व रुचकर ठरविले आहे. तथापि 'जुने ते सोने' ही म्हण येथे सरसकट लागू नाही. बहुतेक मद्ये थोड्या वर्षांतच प्यावयाची असतात. ज्यात मुळातच आम्लता, तुरटपणा व फळाचा स्वाद यांचा भरणा आहे, तेच काळाच्या कसोटीस उतरते. ग्रंथांविषयीही आमचा अनुभव निराळा नाही.

उसन्या नियमाने होणारा घात वाढण्याच्या वेळी विशेष दिसतो. तांबडे मद्य खोलीच्या उष्णमानावर वाढावे, हे वचन जुन्या युरोपातील थंड घरांचे. तेथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश सेंटिग्रेड. आष्टीस वैशाखात पारा ४० अंशांवर चढतो. तेथे हे वचन अक्षरशः पाळले, तर मद्यार्काचा भपकारा तेवढा नाकात भरेल व बाकीचा स्वाद लोपेल. अशा वेळी बाटली काही वेळ गार पाण्यात ठेवणे हेच शास्त्र. साठविताना ती अंधारात, १२ ते १४ अंशांत, बूच ओले राहील अशी आडवी ठेवावी. वाढण्यापूर्वी काही काळ उभी करून, साका न हलविता, मद्य हळूच सुरईत निथळून घ्यावे. कोवळे मद्य वारा लागून खुलते. फार जुन्याला अधिक वारा मानवत नाही. कारण समजले म्हणजे नियम देशकालानुसार बदलता येतो. न समजता पाळला तर ते नुसते अनुकरण होय.

कोणी म्हणेल, वस्तू परकी, तेव्हा परिभाषाही परकीच असावयाची. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याचा, त्याच्या उत्पत्तिस्थानांच्या नावांसह, उल्लेख आहे. द्राक्षजातींची नावे परकी राहोत, त्यास आमची हरकत नाही. माधव जूलियनांच्या 'द्राक्षकन्ये'ने (१९३१) खय्यामचा पेला मराठी काव्यात आणला, तो प्रतीक म्हणून; त्यातील चव सांगण्याचे काम गद्याकडे उरले आहे. ते करणाऱ्याने आधी आपल्या जिभेस विचारावे व मग पुस्तक उघडावे. काव्याच्या टीकाकारासही आम्ही याहून वेगळे काही सांगणार नाही.