चमच्याचा आवाज आणि कानातला कापूस

भयपटाकडे आपले समीक्षक गांभीर्याने पाहत नाहीत. भूत, रक्त आणि किंकाळ्यांचा बाजार म्हणून ते हा प्रकार निकालात काढतात. मीही बरीच वर्षे तेच केले. पण जॉर्डन पील या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘गेट आऊट’ (२०१७) हा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि मला माझे मत बदलावे लागले. त्याच्या पटकथेला २०१८ साली ऑस्कर मिळाले. वंशद्वेषावरचा चित्रपट म्हणून त्याची चर्चा झाली, ती योग्यच आहे. परंतु लहानपणी मनात रुतलेला अपराधभाव आणि त्यातून सुटका, हाही त्याचा विषय आहे. त्याविषयी मला लिहायचे आहे.

क्रिस हा तरुण काळा छायाचित्रकार. तो रोझ या गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडे जातो. वडील मेंदूचे शल्यविशारद, आई मिसी मानसोपचारतज्ज्ञ. बोलणे उदारमतवादी, वागणे सुसंस्कृत. प्रत्यक्षात हे कुटुंब काळ्या माणसांची शरीरे विकते. गोऱ्या गिऱ्हाइकाचा मेंदू काळ्या शरीरात बसवला जातो आणि मूळ माणूस आत खोल कुठेतरी मुका प्रेक्षक होऊन उरतो.

हे साधते कशाने? एका रात्री मिसी चहाच्या कपात चमचा फिरवत क्रिसला विचारते, तुझी आई गेली तेव्हा तू कुठे होतास? तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आईला मोटारीने उडवले होते. बाहेर पाऊस होता, आई घरी आली नव्हती आणि तो टीव्हीसमोर बसून पलंगाचे लाकूड नखांनी खरवडत राहिला. कोणाला फोन केला नाही. केला तर ते खरे ठरेल, अशी त्या पोराची भीती. ही आठवण वर येताच क्रिस खुर्चीला खिळतो आणि जमिनीतून खाली, काळ्या पोकळीत बुडत जातो. जग वर, टीव्हीच्या पडद्याएवढे, दूर दिसत राहते.

येथे मी चित्रपट थांबवला. १९७२ च्या दुष्काळात मीही दहा-अकरा वर्षांचाच होतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावी विहिरीत टँकरचे पाणी सोडत. आमच्या बाया बाजूला उभ्या राहून कोणी वाढेल त्याची वाट पाहत. एके दिवशी माझ्या आईने स्वतःच दोराला हात घातला. एकाने तिची घागर लाथेने उडवली. मी शाळेतल्या पोरांबरोबर पारावर बसलो होतो. एकाने विचारले, ‘ती तुझी आई ना रे?’ मी मान हलवली नाही. ना होकारार्थी, ना नकारार्थी. आईने मला त्याविषयी कधी विचारले नाही. मीही कधी बोललो नाही.

म्हणून मिसीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. प्रश्न बरोबर आहे, विचारणारी चुकीची आहे. तिला क्रिसचे दुःख हवे आहे ते त्याला ताब्यात घेण्यासाठी. वेदना सांगितली की माणूस मोकळा होतो, असे आपण सहज म्हणतो. हा चित्रपट विचारतो, सांगितली कोणाला? आपली आत्मकथने वाचून हळहळणारे आणि जातीचा प्रश्न निघताच विषय बदलणारे वाचक मी सभांतून पाहिले आहेत. ते वाचक म्हणजे मिसी नव्हेत. पण चमच्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. आणखी सांगा, आणखी रडा. मात्र खुर्चीतून उठू नका.

क्रिस खुर्चीतून कसा उठतो? तळघरात त्याला टीव्हीसमोर बांधलेले असते. अकराव्या वर्षीचीच बैठक जणू पुन्हा मांडलेली. भीतीने तो खुर्चीचे कातडे नखांनी खरवडतो. ही सवय त्या जुन्या रात्रीचीच. कातडे फाटून कापूस बाहेर येतो. तो कापूस कानात घालून तो संमोहनाचा आवाज अडवतो. ज्या कापसाच्या शेतात त्याच्या पूर्वजांची पाठ मोडली, तोच कापूस त्याच्या कामी येतो. माझ्या वाचनाप्रमाणे येथे जखम पुसली जात नाही. जखमेने लावलेली सवयच हत्यार होते.

मात्र सुटका अजून पुरी झालेली नाही. पळताना त्याच्या मोटारीची धडक जॉर्जिना या काळ्या मोलकरणीला बसते. निघून जाणे शहाणपणाचे असते. पण आपली आई रस्त्याकडेला बराच वेळ जिवंत पडून होती आणि तिला कोणी शोधत नव्हते, हे त्याला नंतर कळलेले असते. तो मागे फिरतो आणि तिला उचलून गाडीत ठेवतो. त्याचे फळ चांगले मिळत नाही. तिच्या शरीरात त्या घराची आजी बसलेली असते. ती त्याच्यावर तुटून पडते, गाडी झाडावर आदळते. तरीही मागे फिरणे व्यर्थ नव्हते. त्या क्षणी अकरा वर्षांचे पोर टीव्हीसमोरून उठले.

शेवटी रॉड हा मित्र त्याला शोधत येतो. पोलीस त्याला हसलेले असतात, तरी तो येतो. आईला शोधायला कोणी नव्हते, क्रिसला आहे. पील यांनी आधी क्रिसला अटक होते असा शेवट चित्रित केला होता. तो वास्तवाला धरून होता. पण बदललेल्या शेवटात माणसाला माणूस लागतो हे दिसते, आणि मला तो अधिक पटतो.

चित्रपटाची एक उणीव सांगितली पाहिजे. जॉर्जिना हसता हसता तिच्या गालावरून आसू ओघळतो, हा त्यातला सर्वांत भयानक क्षण. पण खऱ्या जॉर्जिनाचे बालपण कोणते, तिची जखम कोणती, हे कोणी विचारत नाही. क्रिसच्या सुटकेत ती मरून जाते. पुरुषांच्या मुक्तीच्या कथेत स्त्री अशी वाटेत पडावी, हे आपल्या चळवळीलाही नवे नाही. १९६६ च्या ब्लॅक पँथरकडून १९७२ साली आपण नाव घेतले; ही चूक मात्र दोघांची आपापली आहे.

चित्रपट पाहिल्यावर मी गावी गेलो. आई आता नाही. त्या दिवशी विहिरीवर असलेली माझी चुलती आहे. तिला मी पारावरची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आरं, आमी पंधराजनी होतो तिथं. आमचं तरी कुठं तोंड उघडलं?’

पन्नास वर्षे जी गप्पगिरी मी माझी एकट्याची समजत होतो, ती सोळा जणांची निघाली. मग ती आमची तरी होती की गावाने आमच्या तोंडावर बांधलेली? हा प्रश्न तळघरात एकट्याला सुटत नाही.