परस्परप्रीतीची आज्ञा आणि सेवेचे अर्थशास्त्र : जे. सी. कुमारप्पा यांच्या ख्रिस्तविचाराची चिकित्सा

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या वैचारिक इतिहासाचा उल्लेख होताच सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावे प्रथम समोर येतात. मगनवाडीचे नाव त्या मानाने मागे पडते. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्यातील मगनवाडीतून चालले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांनी वाहिली. कुमारप्पा हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ म्हणून परिचित आहेत. परंतु ते श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यांच्या अर्थविचाराचे मूळ येशूच्या शिकवणुकीत होते, याकडे मराठी अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ‘प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ आणि ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे त्यांचे दोन ग्रंथ १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात लिहिले गेले, १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोहोंना गांधीजींची प्रस्तावना लाभली. एक धर्मविषयक आणि दुसरा अर्थविषयक अशी त्यांची विभागणी केली जाते. वस्तुतः एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. शिष्यांनी एकमेकांवर प्रीती करावी, ही येशूची आज्ञा बाजारात, शेतात आणि गावात कशी पाळावयाची, हा तो प्रश्न होय. कुमारप्पांच्या या उत्तराचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आज्ञेचे स्वरूप :

प्रीतीविषयीच्या येशूच्या शिकवणुकीत तीन पदर स्पष्टपणे वेगळे करता येतात. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याचा पहिला आदेश जुन्या करारातील लेवीय या ग्रंथातून आलेला आहे. शत्रूवर प्रीती करण्याचा दुसरा आदेश मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येतो. तिसरा आदेश योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. अटकेपूर्वीच्या अखेरच्या रात्री येशू शिष्यांना नवी आज्ञा देतो : आपण त्यांच्यावर जशी प्रीती केली तशी त्यांनी एकमेकांवर करावी, त्यावरूनच ते आपले शिष्य आहेत हे लोकांना कळेल. येथे प्रीतीचे माप बदलते. ‘स्वतःप्रमाणे’ या मापाची जागा ‘मी केली तशी’ हे माप घेते. तसेच प्रीतीची दिशाही बदलते. ती परस्पर होते.

ही आज्ञा ज्या प्रसंगाच्या पाठोपाठ येते तो प्रसंग तिचा अर्थ ठरवितो. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे काम त्या काळी घरातील गुलामाचे मानले जाई. पेत्र प्रथम पाय धुऊन घेण्यास नकार देतो आणि येशू तो नकार मान्य करीत नाही. येथे एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी लागते. गुरूने वाकणे जितके महत्त्वाचे, तितकेच शिष्याने ती सेवा स्वीकारणेही महत्त्वाचे आहे. पुढे येशू शिष्यांना एकमेकांचे पाय धुण्यास सांगतो. म्हणजे आज जो धुतो त्याचे पाय उद्या दुसऱ्याने धुवावयाचे आहेत. परस्परता हा या आज्ञेचा गाभा आहे. केवळ औदार्याने ती पूर्ण होत नाही.

सेरामपूर येथे १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले गेले. तेव्हापासूनच्या दीर्घ भाषांतरपरंपरेत या ठिकाणी ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला. मराठीत दया वरून खाली येते, भक्ती खालून वर जाते, माया रक्ताच्या नात्यात वाढते. ‘प्रीती’ या शब्दाला मात्र समपातळीची अपेक्षा चिकटलेली आहे. ‘एकमेकांवर’ या शब्दाशी तो जुळतो तो यामुळेच. पुढील विवेचनात ‘सेवा’ या शब्दाशी त्याची तुलना करावी लागणार आहे.

कुमारप्पांची भूमिका :

तंजावर येथे जन्मलेले जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास करताना ब्रिटिश राजवटीने केलेल्या शोषणाचे चित्र त्यांच्यापुढे उभे राहिले. कुमारप्पा हे कुळनाव त्यांनी पुन्हा धारण केले. १९२९ मध्ये गांधीजींशी भेट झाल्यावर त्यांनी गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली आणि पुढे वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली.

ख्रिस्ती धर्मसंस्थेशी त्यांचा वाद होता तो येशूच्या निष्ठेपोटीच. अहिंसेची शिकवण देणाऱ्याचे अनुयायी साम्राज्याच्या हिंसेबाबत मौन कसे बाळगतात, हा प्रश्न त्यांनी कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रोखठोकपणे मांडला. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात आचरण हा शब्द आधी आणि उपदेश हा शब्द नंतर येतो. हा क्रम सूचक आहे. येशूने काय केले यावरून त्याने काय सांगितले याचा अर्थ लावावयाचा, ही त्यांची वाचनपद्धती होय.

ज्या काळात हे लेखन झाले तो काळही विसरता येत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्या संघर्षात आंदोलकांप्रमाणेच पोलीसही मृत्युमुखी पडले. प्रीतीची आज्ञा शत्रूपर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न त्या वर्षी या परिसराला प्रत्यक्ष पडलेला होता.

प्रीतीचा आर्थिक अर्थ :

कुमारप्पांचे सर्वांत मौलिक योगदान म्हणजे प्रीतीला त्यांनी भावनेच्या क्षेत्रातून काढून व्यवहाराच्या क्षेत्रात आणले. ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ (१९३६) या ग्रंथापासून ते एक मुद्दा सातत्याने मांडतात. वस्तू विकत घेणारा मनुष्य त्या वस्तूच्या निर्मितीत झालेल्या अन्यायाचा भागीदार असतो. चोरीचा माल घेणारा जसा निर्दोष ठरत नाही, तसा शोषणातून आलेला माल घेणाराही निर्दोष ठरू शकत नाही. माल दूरदेशातून आला तर तो कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे ग्राहकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून विनिमयाचे वर्तुळ आपल्या नजरेच्या आणि नियंत्रणाच्या टप्प्यात असावे, असा त्यांचा आग्रह आहे. ग्रामोद्योगाचा पुरस्कार करण्यामागे उत्पादनतंत्राइतकेच हे नैतिक कारण आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रात डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणाऱ्याच्या देवप्रीतीविषयी शंका घेतली आहे. कुमारप्पांची मांडणी या विचाराला आर्थिक आशय देते. भाऊ ‘दिसावा’ यासाठी बाजार लहान हवा. तेलघाणीवर तेल घेणारा आणि तेल काढणारा एकमेकांस ओळखतात. एकाची गरज आणि दुसऱ्याची मजुरी एकमेकांसमोर उभी राहते. येथे ‘एकमेकांवर’ या शब्दाला खरा आधार मिळतो. ई. एफ. शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ (१९७३) या ग्रंथात श्रमाच्या संदर्भात कुमारप्पांचा आधार घेतला, हे त्यांच्या मांडणीच्या व्यापक मूल्याचे निदर्शक आहे.

सेवाप्रतिमेची मर्यादा :

‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कुमारप्पा निसर्गातील उदाहरणांवरून अर्थव्यवस्थेच्या पाच अवस्था सांगतात. भक्ष्याला मारून जगणारा वाघ हे परोपजीवी अवस्थेचे, झाडाची फळे घेऊन झाडाला काहीही न देणारे माकड हे लुटीच्या अवस्थेचे, घरटे बांधणारा पक्षी हे उद्यमाचे आणि पोळ्यासाठी मध गोळा करणारी मधमाशी हे समूहनिष्ठेचे उदाहरण होय. पाचवी आणि सर्वोच्च अवस्था सेवेची. तिचे उदाहरण पिलांना भरविणारी पक्षिणी. ती मोबदल्याची अपेक्षा ठेवीत नाही.

ही प्रतिमा हृद्य आहे. परंतु योहानाच्या आज्ञेशी ती ताडून पाहता एक उणीव जाणवते. पक्षिणीचे पिलावरील प्रेम एकाच दिशेने वाहते. पिलाने पक्षिणीला भरवावे अशी अपेक्षा नसते आणि तशी त्याची क्षमताही नसते. समूहनिष्ठेत परस्परता आहे, पण ती पोळ्याच्या हितापुरती मर्यादित आहे. सेवेत हिताची मर्यादा ओलांडली जाते, पण परस्परता हरवते. नव्या आज्ञेचे स्थान या दोन अवस्थांच्या मध्ये कोठेतरी आहे आणि कुमारप्पांच्या सोपानात त्यासाठी स्वतंत्र पायरी नाही. सेवा घेणारे ग्रामस्थ हे प्रौढ नागरिक असतात. त्यांना पिलाच्या जागी बसविले की सेवक नकळत पालक होतो.

हा दोष केवळ तार्किक नाही. १९३५ च्या सुमारास महादेवभाई देसाई, मीराबेन आणि मगनवाडीतील सहकारी वर्ध्यालगतच्या सिंदी गावातील मैला साफ करण्यासाठी नियमितपणे जात असत. उच्चशिक्षित माणसांनी भंगीकाम करणे हे त्या काळात मोठे धाडस होते आणि त्यातील निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही गावाच्या सवयी त्यामुळे सहजासहजी बदलल्या नाहीत, हे त्या काळच्या लेखनातून दिसते. जातिव्यवस्थेत एका वर्गाने दुसऱ्याची घाण उचलणे ही नवी गोष्ट नव्हती. उचलणारे हात तेवढे बदलले होते. एकमेकांचे पाय धुण्यासाठी आधी गावातील माणसे ‘एकमेक’ व्हावी लागतात. ज्या गावात हे नाते नाही तेथे सेवा कितीही निःस्वार्थ असली तरी ती एकेरीच राहते.

स्वीकाराची कसोटी : एक तुलना :

या उणिवेवर मराठीतील एका ग्रंथाने प्रकाश पडतो. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळले आणि १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये त्यांनी हा प्रवास विनोदाच्या अंगाने सांगितला आहे. त्यातील निर्णायक वळण धर्मतत्त्वाच्या चर्चेतून येत नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला असे मनास पटल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय लक्ष्मीबाई करतात. हे वळण बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे, हे विशेष.

या निश्चयाचे मर्म घेण्यात आहे. खालच्या मानलेल्या माणसाला देणे परंपरेला मान्यच होते; त्याला दानधर्म म्हणत. त्याच्या हातून पाणी घेणे मात्र निषिद्ध होते. त्यामुळे या समाजात परस्परप्रीतीची कसोटी देणाऱ्या हाताइतकीच घेणाऱ्या ओंजळीत आहे. पेत्राचा नकार मोडून काढणाऱ्या येशूच्या आग्रहाचा अर्थ येथे मराठी घरात उमटलेला दिसतो.

टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारताना बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान दिले. ‘एकमेक’ कोण, या प्रश्नाला दिलेले ते धाडसी उत्तर होते. त्याआधी महात्मा फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ (१८९१) या ग्रंथात एकाच कुटुंबात निरनिराळ्या धर्मांच्या व्यक्ती प्रेमाने नांदतील अशी कल्पना केली होती. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन करून बायबलातील शिकवण ख्रिस्तेतर वाचकांसमोर ठेवली. या चौघांच्या दिशा भिन्न आहेत. परंतु शिष्यवर्तुळाची भिंत ओलांडण्याची आस समान आहे. कुमारप्पांनी तीच भिंत विनिमयाच्या मार्गाने ओलांडली. त्यांच्या लेखी शिष्यत्वाची खूण चर्चच्या नोंदवहीत सापडत नाही. ती ग्राहकाच्या आणि उत्पादकाच्या वागणुकीत सापडते.

एक आक्षेप मात्र धर्मशास्त्राच्या बाजूने घ्यावा लागतो. ‘मी केली तशी’ या शब्दांत शिष्यांवर आधी झालेल्या प्रीतीचे स्मरण आहे. ख्रिस्ती परंपरेत माणसाची प्रीती ही त्या प्रीतीला दिलेला प्रतिसाद मानली जाते. कुमारप्पा येशूकडे प्रामुख्याने आचरणाचा आदर्श म्हणून पाहतात. त्यामुळे कृपेचा हा पदर त्यांच्या विवेचनात क्षीण होतो. ज्याने स्वतः काही स्वीकारले आहे त्याचीच सेवा नम्र राहू शकते. सेवेच्या प्रतिमेतील एकेरीपणा आणि कृपेच्या पदराची क्षीणता या दोन बाबी म्हणूनच परस्परसंबद्ध वाटतात.

निष्कर्ष :

१. कुमारप्पांचे धर्मविषयक आणि अर्थविषयक लेखन एकत्र वाचणे आवश्यक आहे. प्रीतीची आज्ञा हा त्या दोहोंना जोडणारा दुवा आहे.

२. नजरेच्या टप्प्यातील विनिमय ही त्यांची कल्पना परस्परप्रीतीच्या आज्ञेला अत्यंत जवळची आहे. पक्षिणीची प्रतिमा मात्र त्या आज्ञेपासून दूर जाते. त्यांचे अर्थशास्त्र त्यांच्या प्रतिमेपेक्षा अधिक ख्रिस्तनिष्ठ आहे, असे म्हणता येईल.

३. जातिबद्ध समाजात सेवा देण्याइतकेच सेवा स्वीकारणे ही प्रीतीची कसोटी ठरते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ या दृष्टीने कुमारप्पांच्या विचाराला पूरक आहे.

४. आज गावातील दुकानात येणारी वस्तू कोणी आणि कोणत्या मजुरीवर तयार केली हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. अशा काळात कुमारप्पांचा प्रश्न जुना झालेला नाही. महाविद्यालयांतून राबविल्या जाणाऱ्या ग्रामसेवेच्या उपक्रमांनाही तो लागू पडतो. विद्यार्थी गावाला काय देतात याची नोंद अहवालात होते. गावाकडून ते काय घेतात याचा रकाना बहुधा नसतो. परस्परप्रीतीच्या आज्ञेचा विचार करता तो रकाना असावयास हवा.