ऑफाचा बांध आणि ॲसरचे वाक्य

इंग्लंड व वेल्स यांच्या सरहद्दीवर मातीचा एक प्राचीन बांध डोंगरउतारांवरून आणि शेतांमधून कित्येक मैल गेलेला आहे. त्याचा खंदक पश्चिमेस, वेल्सच्या अंगाला आहे. मर्सियाचा राजा ऑफा (कारकीर्द ७५७–७९६) याने तो घातला, हे सांगणारा सर्वांत जुना लेखक ॲसर. ८९३ मध्ये लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्रात, एका वाक्याच्या ओघात, त्याने हा बांध एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत असल्याचे म्हटले.

सिरिल फॉक्स यांचा १९५५ चा ग्रंथ या विषयात आजही आधारभूत आहे. बांधाची रेषा कोठे सरळ धावते आणि कोठे वाकते, यावरून ते त्या काळची शेते व राने ताडतात. वाय नदीच्या खालच्या भागात बांध नदीकाठ सोडून पूर्वेच्या उंचवट्यावर चढतो. नदीतील वाहतूक वेल्श लोकांना राखू दिली असावी, सीमा बोलाचालीनेही ठरली असावी, असे अनुमान ते त्यावरून काढतात. मातीच्या ढिगातून तडजोड वाचणारी ही दृष्टी पुष्कळ साहित्यसमीक्षकांनी हेवा करावा अशी आहे.

परंतु ॲसरच्या वाक्यापुढे ती थबकते. वाक्य हे मोजमाप मानल्यामुळे हेरफर्डशरमध्ये जेथे बांध सापडत नाही तेथे फॉक्स यांना घनदाट अरण्य कल्पावे लागले. वस्तुतः समुद्रापासून समुद्रापर्यंत हा प्रयोग लॅटिन गद्यात ॲसरपूर्वीच रुळला होता. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासात बीडने रोमन तटाविषयी तो योजला आहे. शिवाय ॲसर स्वतः वेल्श, बांधापलीकडचा, आणि इंग्रज राजाच्या पदरी होता. त्याच वाक्यात तो ऑफाला शेजारच्या राजांना धाकात ठेवणारा म्हणतो. ही भूमापकाची नोंद नव्हे. धाकाची आठवण आहे.

डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी २००३ मध्ये ऑफाचा बांध सुमारे ६४ मैलांपुरताच मानला; पोविस या वेल्श राज्याविरुद्ध तो उभारला, असा त्यांचा पक्ष. कीथ रे व इयन बॅप्टी यांनी २०१६ मध्ये दक्षिणेकडील तुकडे पुन्हा ऑफाच्या पदरात टाकले. वाद मिटलेला नाही.

मराठीत लिहिणाऱ्यालाही येथे तटस्थ राहता येत नाही. ‘बांध’ म्हटले की शेजाऱ्याची शीव येते, ‘तट’ म्हटले की शत्रू. प्रस्तुत लेखात पहिला शब्द योजला आहे; त्याने पारडे फॉक्स यांच्याकडे थोडे झुकते.