कर्त्याविना क्रियापद : मावळ गोळीबार आणि न्यायव्यवहाराची भाषा

'कोण सांगतो आहे?' हा कथनमीमांसेचा पायाभूत प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने कथा-कादंबरीपुरताच विचारला गेला. पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचे निकालपत्र हीदेखील निवेदनेच होत. त्यांनाही निवेदक, दृष्टिकोन आणि घटनांची निवड असते. फरक इतकाच, की येथील अर्थनिर्णयावर मृताला मिळणारा न्याय अवलंबून असतो. अशा निवेदनांत हिंसेचा कर्ता कसा नाहीसा होतो, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, मावळातील शेतकरी बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी एका स्त्रीसह तिघांचा बळी गेला. लोणावळा परिसरातील टाटांची धरणे आणि शेजारच्या मुळशी पेट्यातील १९२१ चा सत्याग्रह ध्यानात घेतला, तर जमीन इथली आणि पाणी दुसऱ्याचे हा अनुभव या मुलखाला नवा नव्हता, हे लक्षात येते.

या घटनेची वार्ता तीन प्रकारे सांगता येते. 'पोलिसांनी गोळीबार केला' या वाक्यात कर्ता तृतीयेत उभा आहे आणि कृतीचे उत्तरदायित्व त्याच्याकडे आहे. 'गोळीबार झाला' म्हणताच कर्ता गळतो; अवर्षण किंवा पूर यांसारखी ती एक घटना होते. 'पोलिसांना गोळीबार करावा लागला' हे तिसरे रूप सर्वांत अर्थपूर्ण आहे. येथे कर्ता परततो, पण चतुर्थीत. गोळी झाडणारा हा परिस्थितीने ग्रासलेला होतो. दगडफेकीमुळे स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या, ही पोलिसांची बाजू याच रूपाची होती. दूरचित्रवाणीवरील दृश्यांत मात्र गोळ्या झाडणारे पोलीस दिसत होते. 'मावळ गोळीबार' या रूढ झालेल्या नामात तर क्रियापदही उरलेले नाही. उरले आहे ते फक्त स्थळ. आंदोलकांच्या बाजूने लिहिणारेही हेच नाम वापरतात, हे विसरता येत नाही.

व्याकरणातील ही पळवाट कायद्यातही आढळते. बेकायदा जमाव पांगविताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ नुसार शासनाची पूर्वमंजुरी लागे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद टिकून आहे. याचा अर्थ असा, की ज्याच्या नावाने बळ वापरले गेले, तोच त्या बळाचा जाब विचारावा की नाही हे ठरवितो. मावळप्रकरणी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. परंतु १९५२ च्या कायद्यानुसार अशा आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात, आणि साक्षीदाराने आयोगापुढे केलेले निवेदन एरवी त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. आयोग निवेदन पुरे करतो. निवाडा मात्र करीत नाही.

प्रकरण न्यायालयापर्यंत पोचले तरी कर्ता सापडेलच असे नाही. यासाठी महाराष्ट्रातीलच एका निकालाकडे वळावे लागते. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने केलेल्या बलात्काराच्या आरोपातून 'मथुरा खटला' उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांत भेद करून त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अंगावर जखमा नाहीत या बाबीला महत्त्व देऊन त्यांची निर्दोष मुक्तता केली. पुरावा तोच, पण निवेदन वेगळे. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींतील मौन एका संहितेने भय म्हणून वाचले, दुसरीने संमती म्हणून. दुसऱ्या वाचनात कृतीचे कर्तेपणच पीडितेकडे सरकले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र हे, आपण तसे म्हटले नसले तरी, निकालपत्राच्या समीक्षेचे श्रेष्ठ उदाहरण आहे. त्यातून पेटलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. बारकाईने केलेले वाचन निष्फळ नसते, याचा हा पुरावा.

आपल्या साहित्याने हा प्रश्न कसा हाताळला? विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) अत्याचारी कोतवालाला शिक्षा होते, पण ती न्यायाने नव्हे, जमावाच्या हातून. त्याला अधिकार देणारा नाना त्याला जमावाच्या स्वाधीन करून नामानिराळा राहतो. चतुर्थीतील कर्त्याविषयी हे नाटक महत्त्वाचे काही सांगून जाते : 'करावा लागला' असे म्हणणाऱ्याला, 'कोणी लावले?' असेही विचारले पाहिजे. गोळी झाडणाऱ्याचे नाव घेणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

न्याय देणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु वाक्यातून गळालेला कर्ता शोधणे हे निश्चितच तिचे काम आहे. बऊरच्या तीन मृतांविषयी आपण निदान एक पूर्ण वाक्य लिहिले पाहिजे.